शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या कार्यालयात नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

शिकाऊ उमेदवारी सल्लागार म्हणजे कारखान्यांत शिकाऊ उमेदवार घेण्याच्या कायद्याची अंमलबजावणी पाहणारा सरकारी अधिकारी. त्याच्या कार्यालयात रुजू होणाऱ्या नव्या सहकाऱ्याच्या हाती सुरुवातीलाच जिल्ह्याचे उद्दिष्ट, उमेदवारांच्या नोंदणीच्या पोर्टलचा लॉगिन आणि नोंदणी न केलेल्या आस्थापनांची यादी येते. त्यामुळे रिक्त जागा भरणे हेच आपले काम आहे, असा त्याचा समज होणे स्वाभाविक आहे. या खात्यात बरीच वर्षे काढल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, या कामाची कसोटी एकाच प्रश्नावर लागते: कारखान्यात गेलेल्या मुलाला किंवा मुलीला तिथे शिकवणार कोण? त्या माणसाचे नाव आपल्याला सांगता येत असेल, तर पुढच्या कागदपत्रांना अर्थ आहे. ते सांगता येत नसेल, तर भरलेली जागा ही मालकासाठी कमी पैशांत मिळालेल्या मजुरीहून वेगळी राहत नाही.

कायदा प्रथम मुळातून वाचावा. शिकाऊ उमेदवार अधिनियम 1961 सालचा आहे आणि त्याची अंमलबजावणी 1962 मध्ये सुरू झाली. 1973 मध्ये पदवी व पदविकाधारक अभियंते त्याच्या कक्षेत आले, 1986 मध्ये बारावीपर्यंतच्या व्यवसाय अभ्यासक्रमांतील विद्यार्थी आले, आणि 2014 च्या दुरुस्तीने त्याचे स्वरूप बरेच पालटले. डेझिग्नेटेड ट्रेड, म्हणजे सरकारने ठरवून दिलेले व्यवसाय, यांखेरीज मालकाला स्वतः अभ्यासक्रम आखून ऑप्शनल ट्रेड, म्हणजे आपल्या पसंतीचे व्यवसाय, चालवण्याची मुभा मिळाली, आणि शिक्षेच्या कलमातून कारावास गेला. 2019 च्या सुधारित नियमांनुसार 30 किंवा अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनेवर शिकाऊ उमेदवार घेण्याचे बंधन आहे, 4 ते 29 मनुष्यबळ असलेल्यांना ते ऐच्छिक आहे, आणि उमेदवारांचे प्रमाण एकूण मनुष्यबळाच्या 2.5 ते 15 टक्क्यांच्या दरम्यान ठेवायचे आहे. हे एकूण मनुष्यबळ मोजताना कंत्राटी कामगारही धरावे लागतात, आणि प्रत्यक्ष भेटीत पहिला मतभेद बहुतेक वेळा इथेच होतो. हजेरीपटावर मोजकी माणसे दाखवणाऱ्या कारखान्याच्या फाटकातून सकाळच्या पाळीला किती माणसे आत जातात, ते पाहिल्याशिवाय व्यवस्थापकाने सांगितलेला आकडा लिहून घेऊ नये.

सर्वेक्षण हा या नोकरीचा सर्वांत महत्त्वाचा आणि दुर्दैवाने सर्वांत घाईने उरकला जाणारा भाग आहे. कार्यालयातल्या खुर्चीत बसून, माहितीच्या तक्त्यावरून फिटरच्या इतक्या आणि इलेक्ट्रिशियनच्या इतक्या जागा निश्चित करता येतात, पण त्या शिकण्याच्या जागा असतातच असे नाही. यंत्रशाळेत स्वतः फिरावे. किती लेथ चालू आहेत, देखभाल विभाग कारखान्याचा स्वतःचा आहे की बाहेरच्या ठेकेदाराचा, मापनाची साधने कुणाच्या ताब्यात असतात, बिघडलेली मोटर इथेच उघडली जाते की बाहेर पाठवली जाते, हे विचारावे. ज्या कारखान्यात विजेचे सारे काम बाहेरचा ठेकेदार येऊन करून जातो, तिथे इलेक्ट्रिशियनच्या जागा कागदावर कितीही बसत असल्या तरी त्या उमेदवाराला वर्षभर स्विच बदलण्यापलीकडे काही मिळत नाही. याउलट एखाद्या लहान वर्कशॉपमध्ये एकच अनुभवी टर्नर असतो, पण तो मनापासून शिकवणारा असेल तर तिथली एक जागा मोठ्या कारखान्यातल्या अनेक जागांपेक्षा मोलाची ठरते. अशा लहान उद्योगांना सगळ्या सोयी एकट्याने उभ्या करता येत नाहीत. अनेक मालकांनी एकत्र येऊन प्रशिक्षण देण्याची तरतूद कायद्यात आहे आणि औद्योगिक वसाहतीतल्या संघटनेच्या बैठकीत ती आवर्जून समजावून सांगण्यासारखी आहे.

मालकाचे मन वळवताना दंडाची भाषा सर्वांत शेवटी वापरावी. कमी भरलेल्या प्रत्येक जागेसाठी पहिले तीन महिने दरमहा 500 रुपये आणि त्यानंतर 1,000 रुपये अशी दंडाची तरतूद आहे, आणि जाणूनबुजून टाळाटाळ करणाऱ्याविरुद्ध ती वापरलीच पाहिजे. मात्र दंडाच्या भीतीने घेतलेल्या उमेदवाराला बहुधा गोदामात सामान हलवण्याचे काम मिळते, हे मी अनेक ठिकाणी पाहिले आहे. अनुदानाच्या आमिषावरही फार विसंबू नये. 2016 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत केंद्र सरकार विद्यावेतनाचा 25 टक्के, पण दरमहा 1,500 रुपयांपर्यंतचा वाटा उचलते. लहान उद्योजकाला त्याची मदत होते, परंतु केवळ तेवढ्यासाठी कोणी चांगले शिकवू लागत नाही. येत्या काही वर्षांत आपले कोणते अनुभवी कारागीर निवृत्त होणार आहेत आणि त्यांच्या हातचे काम आज दुसऱ्या कोणाला येते का, हे मालकालाच विचारावे. बहुतेक मालक या प्रश्नापाशी थांबतात, उत्पादन विभागाच्या प्रमुखाला बोलावून घेतात आणि तिथून पुढचे बोलणे खऱ्या अर्थाने प्रशिक्षणाचे होते.

उमेदवार आणि पालक यांच्याशी बोलताना अधिक जबाबदारी येते, कारण त्यांच्याकडे माहिती कमी असते आणि सरकारी माणसाच्या शब्दावर त्यांचा विश्वास असतो. मेळाव्यात गर्दी जमली म्हणून कोणतेही आश्वासन देऊ नये. कायद्याच्या दृष्टीने शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नसतो. प्रशिक्षण संपल्यावर त्याला नोकरी देणे, करारात तसे लिहिलेले नसेल तर, मालकावर बंधनकारक नाही. हे वाक्य करारनाम्यावर सही होण्याआधी पालकांच्या कानावर पडलेच पाहिजे. त्याचबरोबर उत्तर प्रदेशातील परिवहन महामंडळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये दिलेला निकालही सांगावा. इतर बाबी समान असतील तर थेट भरतीच्या उमेदवारांपेक्षा प्रशिक्षित शिकाऊ उमेदवाराला प्राधान्य द्यावे, असे त्यात म्हटले आहे. प्राधान्य आणि हमी यांतला फरक नीट समजलेला मुलगा पुढे निराश होत नाही आणि वर्ष अर्धवट टाकून जाण्याची शक्यताही कमी होते.

विद्यावेतनाचा विषय त्यांच्यासमोर स्पष्टपणे मांडावा. 2019 च्या नियमांनी किमान विद्यावेतन शैक्षणिक पात्रतेनुसार दरमहा 5,000 ते 9,000 रुपये असे ठरवले आणि दुसऱ्या व तिसऱ्या वर्षासाठी अनुक्रमे 10 व 15 टक्के वाढ ठेवली. हे दर वेळोवेळी बदलतात, म्हणून ताजी अधिसूचना उघडून पाहिल्याशिवाय आकडा सांगू नये. 2023 पासून सरकारचा वाटा थेट उमेदवाराच्या बँक खात्यात जमा होतो. परिणामी मालकाकडून एक रक्कम आणि सरकारकडून दुसरी, अशा दोन वेगवेगळ्या दिवशी पैसे येतात, आणि विद्यावेतन कमी मिळाल्याच्या पुष्कळ तक्रारींचे मूळ एवढेच असते. खाते आधारशी जोडलेले आहे ना, हे नोंदणीच्या दिवशीच तपासल्यास उमेदवाराचे अनेक हेलपाटे वाचतात.

मुलींच्या बाबतीत मला थोडे अधिक लिहावेसे वाटते. आयटीआयमधून फिटर किंवा इलेक्ट्रिशियन होऊन बाहेर पडलेल्या मुलीचा अर्ज मालक नाकारत नाही, फक्त तो बाजूला ठेवला जातो. अशा वेळी कारण थेट विचारावे. स्वच्छतागृह नाही, कामाची पाळी रात्री उशिरा संपते किंवा आजवर कोणी मुलगी घेतलेली नाही, यांपैकी काहीतरी उत्तर येते, आणि यांतल्या पहिल्या दोन अडचणी मालकाने मनावर घेतल्या तर सुटणाऱ्या असतात. तिसऱ्यासाठी शेजारच्या ज्या कारखान्यात मुली यंत्रावर काम करतात, तिथल्या पर्यवेक्षकाशी या मालकाची गाठ घालून द्यावी. त्याचा परिणाम आपल्या पत्रापेक्षा जास्त होतो.

करारनाम्याची नोंदणी झाली म्हणजे काम संपले असे समजणारे सहकारी पुष्कळ आहेत. वस्तुतः सल्लागाराची गरज तिथून पुढे अधिक असते. उमेदवाराच्या प्रगतीची नोंद ठेवणे मालकावर बंधनकारक आहे. ही नोंदवही मागवून वाचावी आणि सलग अनेक महिने एकाच यंत्रावरचे एकच काम दिसले तर त्याचा जाब विचारावा. सल्लागाराच्या मंजुरीशिवाय उमेदवाराकडून जादा वेळ काम करून घेता येत नाही, आणि प्रशिक्षणाच्या किंवा सार्वजनिक हिताचे असल्याखेरीज अशी मंजुरी देताही येत नाही. कारखान्यातील सुरक्षेच्या तरतुदी उमेदवारालाही लागू होतात आणि इजा झाल्यास भरपाईची जबाबदारी मालकाची असते. धोकादायक उद्योगांत उमेदवाराचे वय किमान 18 असावे लागते, इतरत्र किमान 14. मुलांशी बोलणे पर्यवेक्षकाच्या समोर करू नये. ‘इथे काय शिकलास?’ या प्रश्नाला सगळे चांगलेच उत्तर देतात. ‘काल दिवसभर काय केलेस?’ असे विचारले की खरी स्थिती कळते. वाद विकोपाला गेल्यास त्यावर निर्णय देण्याचा अधिकार सल्लागारालाच असल्यामुळे भेटीची टिपणे तारखेसह लिहून ठेवण्याची शिस्त पहिल्यापासून लावून घ्यावी.

पदवीधर आणि पदविकाधारक आपल्या दाराशी आले, तर त्यांना योग्य जागी पाठवणे हेही आपलेच काम आहे. त्यांची योजना शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत असून पश्चिम विभागासाठी तिचे मंडळ मुंबईत आहे. वेगळे पोर्टल, वेगळे कार्यालय आणि वेगळी कागदपत्रे असल्यामुळे ही मुले दोन्हीकडून परत पाठवली जातात. त्यांना कागदावर पोर्टलचे नाव आणि मंडळाचा पत्ता लिहून द्यावा.

अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा झाली आणि प्रमाणपत्रे वाटली की फाइल बंद होते, परंतु मी ती आणखी काही काळ उघडी ठेवतो. बाहेर पडलेल्या उमेदवारांना फोन करून आज ते कुठे काम करतात, तिथे शिकलेले किती उपयोगी पडले आणि कोणत्या कारागिराने त्यांना सर्वाधिक शिकवले, हे विचारून आस्थापनेच्या नावापुढे लिहितो. पुढच्या वर्षीच्या सर्वेक्षणाला निघताना ही वही सोबत असते, आणि त्या त्या कारखान्यात व्यवस्थापकाच्या आधी मी त्या कारागिराला भेटतो.