गाडीच्या पुढच्या दारांचे स्पीकर बदलताना: आधी दार मोजा, मग दुकानात जा

सहा हजारांचं बजेट असेल तर साडेतीन ते चार हजारांचे स्पीकर घ्या आणि उरलेले पैसे दारावर घाला. सगळे पैसे स्पीकरवर घालवून ते पत्र्यावर तसेच आवळले की गाडी पातळ वाजते. मग मालक स्पीकरला शिव्या देतो आणि डिकीत बसवायला सबवूफर (खोल आवाजाचा मोठा स्पीकर) शोधत फिरतो. मागच्या शेल्फवरचे ओव्हल (लंबगोल) स्पीकर आत्ता विसरा. गाडीत तुम्ही पुढे बसता, गाणं समोरून यायला हवं.

जळगाव-धुळ्याच्या बाजारात पहिला आकडा कानावर पडतो तो वॅटचा. "भाऊ, तीनशे पन्नास वॅटचे आहेत." डब्यावर मोठ्या अक्षरात छापलेला हा आकडा पीक पॉवरचा, म्हणजे क्षणभराच्या कमाल ताकदीचा असतो आणि तो तुमच्या काहीही कामाचा नाही. स्टिरिओवर 50 वॅट गुणिले 4 लिहिलेलं असलं तरी 14.4 व्होल्टवर 4 ओहमच्या स्पीकरला तो खरे 18 ते 22 वॅटच देतो. बाहेरचा ॲम्प्लिफायर न लावता सहसा यापेक्षा जास्त मिळत नाही. म्हणून बघायचा आकडा सेन्सिटिव्हिटीचा, म्हणजे तेवढ्याच पॉवरला स्पीकर किती मोठा वाजतो त्याचा. 3 डेसिबल जास्त सेन्सिटिव्हिटी म्हणजे तितक्याच आवाजाला निम्मी पॉवर. 87 डेसिबलचा आणि 92 डेसिबलचा स्पीकर एकाच स्टिरिओवर लावून पाहा, धुळे-सुरत महामार्गावर ट्रक ओलांडताना फरक कळतो. 90 किंवा त्याहून वरचा घ्या.

एक लबाडी मात्र लक्षात ठेवा. सेन्सिटिव्हिटी 1 वॅटला मोजलीय की 2.83 व्होल्टला, हे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. 4 ओहमच्या स्पीकरवर 2.83 व्होल्ट म्हणजे 2 वॅट, म्हणजे आकडा आपोआप 3 डेसिबलने फुगतो. 2 ओहमच्या स्पीकरवर तो 6 ने फुगतो. तुलना एकाच मापाने करा. आणि मॅन्युअलमध्ये स्पष्ट परवानगी नसेल तर कंपनीच्या स्टिरिओवर 2 ओहमचे स्पीकर लावू नका. तापून स्टिरिओ बंद पडतो, मे महिन्यात तर लवकरच.

ट्विटर म्हणजे उंच पट्टीच्या आवाजाचा छोटा स्पीकर. तो मोठ्या स्पीकरच्या मधोमध बसवलेला असेल तर कोॲक्सियल, वेगळा असेल तर कंपोनंट. यातला कुठला घ्यायचा? आधी गाडीत पुढे काचेजवळ किंवा आरशाच्या त्रिकोणात कंपनीचे ट्विटर आहेत का ते बघा. नसतील तर दोन-वे कोॲक्सियल घ्या आणि विषय संपवा. तीन-वे, चार-वे म्हणजे कोनसमोर (कोन म्हणजे स्पीकरचा हलणारा पडदा) लटकवलेल्या आणखी एक-दोन पिटुकल्या चकत्या, त्यांनी आवाज सुधारत नाही. ट्विटर असतील तर कंपोनंट घ्या. बऱ्याच गाड्यांत ट्विटर आणि दाराचा स्पीकर एकाच जोडीच्या वायरवर असतात, त्यामुळे ज्या सेटचा क्रॉसओव्हर (उंच आणि खोल आवाज वेगळे करणारा भाग) वायरमध्येच बसवलेला येतो तो नवी वायर न ओढता लागतो. कंपनीचे ट्विटर तसेच ठेवून दारात कोॲक्सियल लावलेत तर एका बाजूला दोन-दोन ट्विटर वाजतात आणि "स" आणि "श" कानात टोचतात. तसं करायचंच असेल तर वरच्या ट्विटरचा कपलर (वायरचा प्लग) काढून ठेवा.

कोन पॉलिप्रॉपिलिन प्लॅस्टिकचा आणि कडेची घडी रबराची हवी. फोमची घडी नको. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा 44-45 वर जातो, उन्हात उभी बंद गाडी आतून साठी ओलांडते आणि फोम काही उन्हाळ्यांत भुगा होतो. साधा कागदी कोन आवाजाला छान असतो, पण दाराच्या आत पावसाचं पाणी उतरतं हे बहुतेकांना माहीतच नसतं. ब्रँडवर फार वाद नको. जेबीएल आणि इन्फिनिटी तर दोन्ही हरमनचेच. पक्कं बिल आणि वॉरंटी मिळत नसेल तर स्वस्त "ओरिजिनल" सोडून द्या. दुकानातल्या लाकडी बोर्डावर वाजवून निवडू नका. तो बोर्ड म्हणजे तुमच्या दाराचा पत्रा नव्हे.

आता मुख्य काम. यातलं मोजमाप स्पीकर विकत घेण्याआधी करायचं.

डोअर पॅड (दाराच्या आतलं आवरण) काढा. हँडलमागचे आणि आर्मरेस्टमधले स्क्रू, मग खालच्या कडेपासून प्लॅस्टिकच्या पट्टीने क्लिपा सोडवत वर. चार-सहा क्लिपा जास्तीच्या आणून ठेवा, एक-दोन तुटतातच. दारात साइड एअरबॅगचा प्रेशर सेन्सर असेल तर बॅटरीची निगेटिव्ह काढल्याशिवाय त्याचा कपलर सोडवू नका आणि तो सुटा असताना इग्निशन चालू करू नका.

जुना स्पीकर काढा. तीन स्क्रू असतील तर सोपं. रिव्हेट असतील तर रिव्हेटच्या जाडीच्या बिटने डोकं उडवा आणि दारात पडलेला लोखंडी चुरा चुंबकाने वेचून घ्या, नाहीतर पहिल्या पावसात तिथून गंज धरतो.

काच पूर्ण खाली घ्या. स्पीकरच्या भोकाच्या कडेच्या पत्र्यापासून काचेपर्यंतचं अंतर स्टीलच्या पट्टीने मोजा, वर, खाली आणि दोन्ही बाजूंना. काच वाकडी असते, चारही मापं वेगळी येतात. सर्वांत कमी माप खरं धरा. मग काच वर-खाली करताना आत टॉर्चचा उजेड टाकून बघा. काचेच्या आधी ती वर-खाली करणाऱ्या रेग्युलेटरची पट्टी किंवा केबल मॅग्नेटला अडू शकते आणि ती कुठल्याच मापाच्या तक्त्यात नसते.

समजा सर्वांत कमी माप 52 मिलिमीटर आलं. त्यावर 15 मिलिमीटरची रिंग (पत्रा आणि स्पीकर यांच्यामध्ये बसणारं कडं) लावणार असाल तर मागे 67 मिळाले. त्यातले 5 सोडा, कारण खड्ड्यात काच हलते. उरले 62. ज्याची माउंटिंग डेप्थ (कडेपासून मॅग्नेटच्या मागच्या टोकापर्यंतची खोली) 62 पेक्षा जास्त आहे तो स्पीकर कितीही चांगला असला तरी तुमच्या दाराचा नाही. रिंग आणखी जाड करू, असं दुकानदार म्हणेल. तसं केलं की स्पीकर पुढे येतो आणि ट्विटर पॅडच्या जाळीला आतून घासतो. म्हणून पुढचीही जागा मोजा: मुलांच्या खेळण्यातल्या क्लेचा गोळा प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून भोकासमोर चिकटवा, पॅड जागेवर दाबून बसवा, परत काढा. गोळा जितका चेपून उरला तितकी पुढची जागा. रिंगची जाडी आणि कडेपासून ट्विटरच्या टोकापर्यंतची उंची मिळून त्यापेक्षा दोन-तीन मिलिमीटर कमी हवी. दोन्ही दारं मोजा; चालकाच्या दारात वायरिंग जास्त असतं.

साइज बहुतेक हॅचबॅकमध्ये साडेसहा इंची असते, पण स्क्रूची भोकं गाडीगणिक वेगळी. रिंग तुमच्या मॉडेलचीच घ्या, एबीएस प्लॅस्टिकची. एमडीएफची (दाबलेल्या लाकडी भुशाची) रिंग स्वस्त आणि कापायला सोपी म्हणून खपते. दोन पावसाळ्यांत ती फुगते, स्क्रू सैल होतात आणि दार खरखरायला लागतं. जुन्या स्पीकरचा कोन आणि मॅग्नेट कापून त्याचीच प्लॅस्टिकची चौकट रिंग म्हणून वापरता येते, फिटिंग अचूक बसतं. पण गाडी विकताना जुने स्पीकर परत लावायचे असतील तर ती चौकट कापू नका.

रिंग आवळली की काम झालं असं बहुतेक फिटर मानतात. खरा आवाज इथेच हरवतो. कोन पुढे ढकलतो तेव्हा मागे ओढतो, दोन्ही लाटा एकमेकींच्या उलट असतात. 100 हर्ट्झच्या लाटेची लांबी साधारण 3.4 मीटर. रिंगशेजारच्या बोटभर फटीतून मागची लाट पुढे आली की दोघींच्या वाटेत फरक असतो जेमतेम वीतभर, म्हणजे उलट्या त्या उलट्याच राहतात आणि एकमेकींना खाऊन टाकतात. उंच पट्टीच्या आवाजाच्या लाटा आखूड असल्याने त्यांचं असं होत नाही. म्हणून अहिराणी लग्नगीतात पिपाणी खणखणीत येते आणि ढोल कुठेच नसतो.

बंदोबस्त तीन ठिकाणी करायचा. पत्रा आणि रिंग यांच्यामध्ये 5-6 मिलिमीटरची बंद पेशींची (पाणी न शोषणारी) फोम टेप, जोड खालच्या बाजूला न ठेवता. रिंग आणि स्पीकरमध्येही तीच, पातळ. तिसरी जागा सगळे विसरतात: स्पीकरच्या कडेभोवती जाड मऊ फोमची कड अशी लावा की पॅड बसल्यावर ती जाळीच्या मागच्या बाजूला दाबली जाईल. ही नसेल तर आवाजाचा मोठा भाग पॅडच्या मागेच घुमत राहतो आणि क्लिपा खडखडतात.

त्यानंतर आतल्या पत्र्याची मोठी भोकं बुजवायची. ॲल्युमिनियमचा वर्ख असलेली 2 मिलिमीटरची ब्युटिल (चिकट रबरी) शीट घ्या. दोन्ही दारांना मिळून सुमारे एक चौरस मीटर पुरते. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची डांबरी पट्टी लावायला कोणी सांगितलं तर ऐकू नका, मे महिन्यात ती घसरते आणि गाडीभर डांबराचा वास सुटतो. बाहेरच्या पत्र्याच्या आतल्या अंगाला मधोमध पाव ते एक तृतीयांश भागावर शीट लावली की पुरे, अख्खं दार मढवून वजन वाढवायची गरज नाही. पत्रा आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. खान्देशातली धूळ डोळ्यांना दिसत नाही तिथेही असते. शेतरस्त्याला फिरणाऱ्या गाडीत तर काळ्या मातीचा थर निघतो आणि त्यावर काहीच चिकटत नाही. रोलरने दाबा, वर्खावरचे उंचवटे सपाट होईपर्यंत. मोठ्या भोकावर नुसती शीट ताणू नका, ती पडद्यासारखी फडफडते. आधी पातळ ॲल्युमिनियमचा तुकडा, वरून शीट. प्रेशर सेन्सर असेल तर त्याच्या आजूबाजूची भोकं आणि तो स्वतः झाकू नका. सिलिकॉन वापरणार असाल तर व्हिनेगरसारख्या वासाचा नको, तो पत्रा खातो.

दाराच्या अगदी खालच्या कडेला पाणी निचरायची भोकं असतात. ती बुजवली तर पाणी साठून दार आतून सडतं. पत्रा आणि पॅड यांच्यामधलं कंपनीचं प्लॅस्टिक कव्हरही परत लावायचंच. फिटर ते टरकावून फेकतात, त्यांच्यावर लक्ष ठेवा.

वायर कापू नका, गाडीच्या मॉडेलचा कपलर मिळतो आणि नव्या गाडीत वॉरंटीवरून होणारी हुज्जत वाचते. स्पीकरचा रुंद टर्मिनल सहसा प्लस असतो. शंका असेल तर पेन्सिल सेल क्षणभर टेकवा: सेलचं प्लस स्पीकरच्या प्लसला असेल तेव्हा कोन बाहेर येतो.

पॅड लावण्याआधी दोन्ही बाजू वाजवून बघा. बॅलन्स मधोमध असताना ढोल बारीक आणि एका बाजूला फिरवल्यावर तो दणदणीत होत असेल तर एका दाराची वायर उलटी आहे. रिंगभोवती ओला हात फिरवा. वारा लागला तिथे फट आहे. स्टिरिओत हाय-पास (खूप खोल आवाज गाळणारं सेटिंग) असेल तर 80 हर्ट्झवर ठेवा, लाउडनेस (बेस आपोआप वाढवणारं सेटिंग) बंद. मग 80 च्या वेगाने हायवेवर ऐका, उभ्या गाडीत ऐकून बेस वाढवू नका.

पहिल्या मोठ्या पावसानंतर पायाखालचं मॅट उचलून कार्पेटला हात लावा. ओलं लागलं तर बहुधा प्लॅस्टिक कव्हरची खालची कड बाहेर राहिली आहे. पॅड काढून ती पत्र्याच्या खाचेतून आत सरकवा, म्हणजे पाणी दाराच्या आतच उतरून खालच्या भोकांतून बाहेर जाईल.