थॅलेसेमियाच्या मुलात साठणारं लोह वेळीच कसं ओळखाल

थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजारात मुलाला वारंवार रक्त चढवावं लागतं. रक्ताच्या एका पिशवीतून साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम लोह अंगात जातं. शरीर दिवसाला बाहेर टाकतं जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम. बाकीचं यकृत, हृदय आणि अंतःस्रावी (संप्रेरकं बनवणाऱ्या) ग्रंथींत साठत राहतं.

लक्षणांची वाट पाहू नका. ती दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. १० ते २० पिशव्या झाल्या किंवा फेरिटिन (लोहाच्या साठ्याचा अंदाज देणारा रक्तातला आकडा) दर मिलिलिटरला १००० नॅनोग्रॅमच्या वर गेलं, की लोह काढणारं औषध सुरू करतात. त्यानंतर दर तीन महिन्यांनी फेरिटिन तपासा, पण तापात नको. जंतुसंसर्गात किंवा यकृताला सूज असताना हा आकडा उगाच फुगतो. एका आकड्यावर घाबरण्यापेक्षा वर्षभराचा कल वहीत मांडा.

घरी काय पाहाल? दर सहा महिन्यांनी उंची भिंतीवर खुणेनं नोंदवा. वाढ खुंटणं, वयात येणं लांबणं, त्वचा काळवंडणं, सारखी तहान आणि लघवी (मधुमेहाची शंका) हे सगळं डॉक्टरांना सांगा. धडधड, दम लागणं, पायांवर सूज असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

फेरिटिन बरं असूनही हृदयात लोह असू शकतं. म्हणून साधारण दहाव्या वर्षापासून 'टी-टू-स्टार' एमआरआय करतात. २० मिलिसेकंदांखालचा आकडा हृदयात लोह असल्याचं सांगतो, १० खालचा धोक्याचा.

'क' जीवनसत्त्वाच्या गोळ्या मात्र मनानं देऊ नका.