ऑब्जेक्ट बनवताच मेथड जोडताय? या चुका टाळा

नाशिकच्या बीसीए, एमसीएच्या मुलांना ऑब्जेक्ट (माहिती आणि तिच्यावरची कामं एकत्र ठेवणारी वस्तू) बनवताच त्यावर एकामागून एक मेथड (ती कामं) बोलावणं हा विषय मी लासलगावच्या कांद्याच्या हिशेबपट्टीवरून शिकवते. वजन, भाव, हमाली, तोलाई, शेवटी एकूण रक्कम. सगळं एकाच ओळीत साखळीसारखं लिहिण्याचा मोह होतोच.

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेत दिसते. तिथे (न्यू हिशेबपट्टी)->वजन(25) असं बाहेरच्या कंसासह लिहिणं आवृत्ती 5.4 पासून, म्हणजे 2012 पासून चालतं. बाहेरचा कंस गाळून न्यू हिशेबपट्टी()->वजन(25) लिहायची सोय मात्र नोव्हेंबर 2024 मध्ये आलेल्या 8.4 मध्ये मिळाली. स्वतःच्या लॅपटॉपवर 8.4 आणि सर्व्हरवर 8.2 असेल, तर पार्स एररमुळे, म्हणजे कोड वाचतानाच अडल्यामुळे, अख्खी फाइलच चालत नाही. म्हणून आधी सर्व्हरची आवृत्ती बघा. आणि 8.4 वरही बाहेरचा कंस काढलात, तर क्लासच्या नावापुढचे () गाळू नका.

जावास्क्रिप्टमध्ये न्यू डेट().गेटटाइम() बरोबर आहे. हेच () विसरलात, तर डेट.गेटटाइम हाच कन्स्ट्रक्टर (ऑब्जेक्ट बनवणारं फंक्शन) समजला जातो आणि टाइपएरर येते.

आता साखळी मध्येच तुटते ती चूक. वजन() मध्ये शेवटी ‘रिटर्न धिस’, म्हणजे तोच ऑब्जेक्ट परत दे, असं लिहिलं नाही, तर पीएचपीत नल (‘काहीच नाही’) परत येतो आणि एरर दिसते पुढच्या भाव() वर. मुलं भाव() उलटसुलट तपासत बसतात, दोष असतो त्याच्या आधीच्या मेथडमध्ये. साखळी तोडा, प्रत्येक कॉलचं उत्तर वेगळ्या व्हेरिएबलमध्ये घ्या आणि छापून बघा. पायथनमध्ये अशा वेळी नन, म्हणजे तिथला ‘काहीच नाही’, हाती येतो. जावात मेथड व्हॉइड (काहीच परत न देणारी) असेल, तर प्रोग्राम चालण्याआधीच कंपायलर अडवतो. ते मला फार मोलाचं वाटतं.

शेवटच्या कॉलकडेही लक्ष द्या. 25 क्विंटल, 1800 रुपये भाव आणि साखळीच्या शेवटी एकूण() असेल, तर $पट्टी मध्ये पट्टी नव्हे, 45000 हा आकडा उरतो. मग $पट्टी->छापा() कसं चालेल? ऑब्जेक्ट पुढे लागणार असेल, तर आधी तो साठवा, मग एकूण() बोलवा.

सी++ मध्ये सर्वांत जास्त जपा. तात्पुरत्या स्ट्रिंगवर (मजकुरावर) सी_एसटीआर() बोलावून पॉइंटर, म्हणजे त्या मजकुराचा मेमरीतला पत्ता, साठवलात, तर विधान संपताच ती स्ट्रिंग नष्ट होते. पॉइंटर मात्र त्याच जागेकडे बोट दाखवत राहतो, आणि कधीकधी उत्तर बरोबरही येतं, म्हणून ही चूक चाचणीत निसटते.