पद्मिनीला जादा मीटर बसवताय? या चुका टाळा

प्रीमियर पद्मिनीच्या डॅशबोर्डवर ऑइलचा लाल दिवा असतो. तो लागतो तेव्हा इंजिनातला ऑइलचा दाब जवळजवळ संपलेला असतो. म्हणजे आधी काही सांगायची सोय त्या दिव्यात नाही. म्हणून घाटात, लांबच्या प्रवासाला जुनी फियाट नेणारे बहुतेक जण कधी ना कधी तीन जादा मीटर बसवायचं मनावर घेतात: ऑइल प्रेशर, पाण्याचं तापमान आणि व्होल्टमीटर. विचार उत्तम आहे. पण चुकीचा आकडा दाखवणारं मीटर हे मीटर नसण्यापेक्षा वाईट. एक तर ते तुम्हाला विनाकारण घाबरवतं, नाहीतर इंजिन जळेपर्यंत गाफील ठेवतं.

पहिली चूक डॅशबोर्डवरच होते. मिस्त्री ड्रिल घेऊन बसतो आणि मूळ पत्र्याला तीन भोकं पडतात. फियाट ११००डी कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून बनू लागली, पुढे तिचंच नाव पद्मिनी झालं आणि आता तो कारखाना राहिला नाही. धड डॅशबोर्ड शोधायला ऑपेरा हाऊसपासून कुर्ल्याच्या सीएसटी रोडपर्यंत वणवण करावी लागते. तेव्हा पत्र्याला हात लावू नका. ५२ मिलिमीटरची तीन मीटरं बसतील अशी पट्टी करून घ्या आणि ती डॅशबोर्डखाली, आधीपासून असलेल्या स्क्रूंवर लटकवा. पट्टी पक्की करण्याआधी चारही गिअर आणि रिव्हर्स टाकून बघा. स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर खाली येताना हात मीटरला लागता कामा नये.

सगळ्यात जास्त घोळ ऑइल प्रेशर मीटरचा होतो. इंजिनाच्या ब्लॉकवरचा लाल दिव्याचा स्विच काढायचा आणि त्या जागी नव्या मीटरला ऑइल नेणारी नळी किंवा सेंडर (दाब मोजून वायरीने मीटरला कळवणारा भाग) लावायचा, हा सोपा वाटणारा मार्ग. मीही तेच केलं होतं. नायलॉनची बारीक नळी फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) भोकातून आत घेतली आणि भोकाला रबरी ग्रोमेट (धारेवर बसणारी कडी) लावायचं राहून गेलं. कसारा घाट चढताना क्लचवरच्या पायावर गरम थेंब पडू लागले. पत्र्याच्या धारेवर घासून नळीला सुईएवढं भोक पडलं होतं आणि मीटरचा काटा हळूहळू खाली येत होता. लाल दिवा लागायचा प्रश्नच नव्हता, त्याचा स्विच तर डिकीत हत्यारांच्या पेटीत होता. नशिबाने पेटीत होता! तोच परत ब्लॉकमध्ये लावला, जवळचं एक लिटर ऑइल घातलं आणि घरी आलो.

तेव्हापासून मी टी-जॉइंटशिवाय, म्हणजे एका भोकाचे दोन करणाऱ्या जोडाशिवाय, काम करत नाही. एका बाजूला जुना स्विच, दुसऱ्या बाजूला नवा सेंडर. दिवा आणि काटा दोन्ही चालू राहतात, एक चुकला तर दुसरा सांगतो. नळीचंच मीटर हवं असेल तर तांब्याची नळी घ्या, तिला इंजिनाजवळ दोन वेटोळे द्या म्हणजे थरथरीने ती तुटणार नाही, आणि ग्रोमेट विसरू नका. माझं मत विचाराल तर गाडीच्या आत गरम ऑइल आणूच नये. इलेक्ट्रिक सेंडर बरा.

टी-जॉइंट आणताना आटे तपासा. एक अष्टमांश इंचाचा बीएसपी (ब्रिटिश), त्याच मापाचा एनपीटी (अमेरिकी) आणि १० मिलिमीटरचा मेट्रिक, हे तिन्ही डोळ्यांना सारखेच दिसतात. बीएसपीला इंचात २८ आटे, एनपीटीला २७. दोन फेरे सहज बसतात, तिसऱ्याला अडकतं. तिथे पाना लावून जोर केलात तर ब्लॉकचे आटे गेले. जुना स्विच दुकानात घेऊन जा आणि त्याला जुळवूनच जॉइंट घ्या.

आता गळती नको म्हणून आट्यांवर टेफ्लॉन टेपचे चार-पाच वेढे मारणं, ही पुढची चूक. एका वायरच्या सेंडरला अर्थिंग त्याच्या आट्यांमधूनच मिळतं. टेप जास्त झाली की अर्थिंग तुटतं आणि काटा भलतंच दाखवतो. टी-जॉइंटमध्ये तर दोन ठिकाणी आटे आले. मल्टीमीटरचं एक टोक सेंडरच्या अंगावर, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला लावा. रोध जवळजवळ शून्य यायला हवा.

मीटर एका कंपनीचं आणि सेंडर दुसऱ्याचा, हा प्रकार आपल्याकडे सर्रास चालतो. ‘बसतंय ना, मग झालं,’ असं काउंटरवरून सांगतात. युरोपीय पद्धतीचा ऑइल सेंडर शून्य दाबाला साधारण १० ओहम आणि पूर्ण दाबाला १८० ओहम दाखवतो. अमेरिकी पद्धतीत शून्याला २४० आणि पूर्ण दाबाला ३३. म्हणजे जोडी चुकली तर काटा उलटा चालतो. मीटर आणि सेंडर एकाच पेटीतून घ्या.

काटा हलत नसेल तर मीटर बदलण्याआधी दोन मिनिटांची तपासणी करा. इग्निशन चालू ठेवून सेंडरची वायर काढा, मग तिचं टोक क्षणभर इंजिनाच्या धातूला टेकवा. एकदा काटा एका टोकाला, एकदा दुसऱ्या टोकाला गेला तर मीटर आणि वायर ठीक, दोष सेंडरमध्ये किंवा त्याच्या अर्थिंगमध्ये. मात्र तापमानाच्या मीटरवर वायर टेकवली की काटा पूर्ण गरमकडे जातो, तर युरोपीय ऑइल मीटरवर टेकवली की शून्यावर येतो. हा फरक माहीत नसल्याने मी चांगली मीटरं परत केलेली पाहिली आहेत. काटा हललाच नाही, तर मीटरला १२ व्होल्ट आणि अर्थिंग पोहोचतंय का ते बघा.

तापमानाचा सेंडर वाहत्या पाण्यात बुडलेला हवा. रेडिएटर रिकामा करून भरल्यावर आत हवा अडकली, तर सेंडर वाफेत उभा राहतो आणि इंजिन उकळत असताना काटा निवांत असतो. पाणी भरताना हीटरची किंवा वरची नळी सैल करून हवा काढा, गाडी गरम होऊन थंड झाल्यावर पुन्हा पातळी बघा.

व्होल्टमीटरऐवजी अँमीटर लावू नका. अँमीटरमधून गाडीचा जवळजवळ सगळा करंट जातो. ती जाड वायर डॅशबोर्डमागे सैल झाली, पत्र्याला टेकली, तर आग लागते. व्होल्टमीटरला बारीक वायर पुरते. इंजिन बंद असताना चांगल्या बॅटरीचे १२.६ आणि अल्टरनेटर चालू असताना १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले पाहिजेत. तुमच्या गाडीला अल्टरनेटरऐवजी जुना डायनॅमो असेल तर सिग्नलला उभं असताना, हेडलाइट लावल्यावर काटा १२च्या आसपास उतरतो. तो दोष नाही, डायनॅमो स्लोवर (रेस न देता इंजिन चालू असताना) चार्ज करतच नाही. रेस दिल्यावर काटा वर आला की झालं.

तिन्ही मीटरांना पुरवठा इग्निशननंतरच्या वायरवरून, ३ अँपियरचा फ्यूज घालून द्या, आणि आतले बल्ब पार्किंग लाइटवर जोडा. वायरी पिळून टेप गुंडाळण्यापेक्षा थिंबल (वायरीच्या टोकाचा धातूचा जोड) दाबून लावा, उन्हाळ्यात टेपचा डिंक वितळतो.

काम झाल्यावर पहिल्याच दिवशी आकडे लिहून ठेवा. माझ्या गाडीच्या कागदपत्रांच्या पाकिटात एक चिठ्ठी आहे: थंड इंजिन, स्लोवर, ५५ पीएसआय (दाबाचं माप); अर्धा तास चालल्यावर स्लोवर १८, रेस दिल्यावर ४५; पाणी ८५ अंश, घाटमाथ्यावर ९५. गेल्या पावसाळ्यात गरम स्लोचा आकडा १८ वरून १२ वर आला. लाल दिवा तेव्हाही विझलेलाच होता. ऑइल बदललं, तरी १२च. मग इंजिनाखालचा ऑइलचा संप खोलला आणि बेअरिंग बदलले.