बंजीने सामान बांधताना आणि टांगताना या चुका टाळा

दुचाकीच्या सीटवरची बॅग, गाडीच्या टपावरची गादी, पावसाळ्यात गॅलरीला लावलेली ताडपत्री. या सगळ्या कामांना एकच वस्तू हाताशी येते: दोन्ही टोकांना हूक असलेली रंगीत इलॅस्टिक दोरी, म्हणजेच बंजी. ती स्वस्त आहे, गाठ मारावी लागत नाही, दहा सेकंदांत काम होते. त्यामुळे ती जिथे चालणार नाही तिथेही सर्रास लावली जाते.

बंजीचे काम एवढेच की सामान दबले, हलले, बसले तरी पट्टा सैल पडू नये. भार पेलणे हे तिचे काम नाही. हा फरक लक्षात न घेतल्याने खालच्या बहुतेक चुका होतात.

चूक पहिली: पोचत नाही म्हणून ओढून ओढून लावणे

साध्या बंजीच्या आत रबराचे कित्येक बारीक धागे असतात आणि वरून नायलॉन किंवा पॉलिस्टरचे विणलेले आवरण. दोरी मूळ लांबीच्या साधारण दुपटीपर्यंत ताणली की आवरण घट्ट होते आणि पुढचा सगळा ताण एकदम हूकावर आणि टोकाच्या जोडावर येतो. म्हणून वापरताना दीडपटीच्या पुढे जाऊ नका. ६० सेंमीची बंजी ९० सेंमीपर्यंत ठीक. १२० सेंमीला ती कशीबशी पोचत असेल तर ती त्या कामाची नाही, मोठी घ्या.

ताणलेल्या दोरीत किती ऊर्जा साठते, याचा हिशेब एकदा करून पाहावा. ६० सेंमीची दोरी १०० सेंमीपर्यंत ओढली आणि त्या वेळी तिचा ताण १० किलो, म्हणजे सुमारे १०० न्यूटन आहे, असे धरा. साठलेली ऊर्जा ताण गुणिले वाढलेली लांबी भागिले दोन, म्हणजे १०० न्यूटन × ०.४ मीटर ÷ २ = २० ज्यूल. १ किलोचे वजन २ मीटरवरून पडावे, तेवढी ही ऊर्जा. हूक निसटला तर ती २०-२५ ग्रॅमच्या लोखंडी तुकड्यात आणि थोड्याशा दोरीत जाते. निम्मी ऊर्जा वाया गेली असे मानले तरी हूकाचा वेग ताशी ८०-९० किलोमीटरच्या घरात जातो. आणि तो येतो दोरी ज्या दिशेने ओढली त्या दिशेला, म्हणजे बहुधा ओढणाऱ्याच्या तोंडावर.

अशा जखमांच्या नोंदी नेत्रवैद्यकाच्या नियतकालिकांत अनेक वर्षांपासून आहेत: डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात रक्त साचणे, भिंग सरकणे, पडदा फाटणे. हूक डोळ्याला लागलाच तर चोळू नका, दाबू नका, पाण्याचे हबके मारू नका. डोळ्यावर कागदी कप उलटा ठेवून, कपाच्या कडा हाडावर टेकतील असा चिकटवा आणि थेट नेत्रतज्ज्ञाकडे जा. दिसायला नीट दिसत असले तरी जा.

चूक दुसरी: दोन बंजी हूकाला हूक अडकवून लांब करणे

लांबी मिळते, पण त्याच ताणाला एकूण दोरी दुप्पट ताणली जाते, म्हणून साठलेली ऊर्जाही दुप्पट होते. शिवाय मध्ये दोन हूक नुसते एकमेकांत अडकलेले असतात. खड्ड्यात गाडी आपटली, ताण क्षणभर गेला, की ते सुटायला तेवढे पुरते. मधे लांबी हवी असेल तर न ताणणाऱ्या पट्ट्याचा किंवा दोरीचा तुकडा घालावा, दुसरी बंजी नाही.

चूक तिसरी: जड सामान फक्त बंजीवर सोडणे

इथे जरा सविस्तर बोलायला हवे, कारण बांधून झाल्यावर हलवून पाहिले की सगळे घट्टच वाटते.

१२ किलोची बॅग सीटवर ठेवली आणि वरून दोन बंजी फुलीसारख्या घेतल्या. दोन्ही मिळून बॅगेला २० किलोच्या जोराने खाली दाबतात. कोरड्या सीटवर घर्षणांक (पृष्ठभागाची पकड किती, ते सांगणारा आकडा) ०.४ धरला तर बॅग पुढे सरकायला (१२ + २०) × ०.४, म्हणजे सुमारे १३ किलोचा जोर लागेल. करकचून ब्रेक मारल्यावर दुचाकीचा वेग ०.७ ते ०.८ जी (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा प्रवेग) या दराने कमी होऊ शकतो, म्हणजे बॅग ९ किलोच्या आसपास जोराने पुढे ढकलली जाते. १३ विरुद्ध ९, चालून जाते. आता पाऊस आला. ओल्या रेक्झिनवर, वर बॅगेला प्लास्टिकचे कव्हर असेल, तर घर्षणांक ०.२ वर येतो. १३ चे साडेसहा झाले, ९ मात्र तेवढेच राहिले. बॅग सरकते, सरकली की बंजीचा कोन बदलतो, दाब कमी होतो, आणि पुढच्या ब्रेकला ती तुमच्या पाठीवर असते. घाट उतरताना ब्रेक वारंवार लागतात, त्यामुळे हा प्रकार तिथेच घडतो.

उपाय जास्त बंजी लावणे हा नाही. पुढे सरकू न देणारा एक न ताणणारा पट्टा बॅगेच्या पुढून घेऊन मागच्या ग्रॅब रेलला किंवा कॅरिअरला बांधा. कॅम बकलचा (पट्टा ओढला की दाताने धरून ठेवणारे बकल) २५ मिमी पट्टा पुरतो. बॅगेखाली रबरी जाळीदार मॅट टाका. यानंतर बंजी लावायचीच असेल तर वरचे जर्किन, रेनकोट दाबून धरायला लावा. गाडीच्या टपावरची शिडी, खुर्च्या, सायकल यांना तर बंजी एकटी कधीच नको, तिथे कॅम बकल किंवा रॅचेट (दांडा हलवून करकचून आवळायचा) पट्टाच.

चूक चौथी: हूक कुठेही अडकवणे

हूकाचे तोंड सामानाकडे नको, बाहेरच्या बाजूला हवे, म्हणजे तो बॅग फाडत नाही आणि काढताना बोटांनी नीट पकडता येतो. साइड पॅनेल, नंबर प्लेट, इंडिकेटरची दांडी या जागा हूकासाठी नाहीत. प्लास्टिक वाकते आणि हूक घसरतो. दोरी सायलेन्सरला टेकता कामा नये, आवरण वितळते आणि आतले रबर उघडे पडते. उरलेले टोक लोंबकळत ठेवणे तर सगळ्यात वाईट: ते चेन-स्प्रॉकेटमध्ये किंवा मागच्या चाकात गेले तर चाक जागीच अडकू शकते. रिकामी बंजीही कॅरिअरला अडकवून फिरू नका, डिकीत टाका.

लावताना पलीकडचा हूक आधी, अलीकडचा नंतर. दोरीच्या रेषेत तोंड नको, बाजूला उभे राहा. हूक बसला की सोडण्याआधी तो दाबून, थोडा फिरवून पाहा. काढताना एका हाताने हूक, दुसऱ्याने त्यामागची दोरी पकडा आणि ताण हळूहळू सोडा. चष्मा नसेल तर हेल्मेटची काच खाली घेऊनच हे करा, हेल्मेट तसेही जवळ असते.

चूक पाचवी: टांगायला बंजी

टांगण्याच्या कामात दोन गोष्टी लोक विसरतात. एक, वस्तू दोरीला अडकवून एकदम सोडली तर दोरी स्थिर अवस्थेच्या दुप्पट ताणली जाते. सायकल टांगल्यावर दोरी २० सेंमी ताणून थांबणार असेल, तर सोडल्याक्षणी ती ४० सेंमीपर्यंत खाली येऊन परत उसळते. दोन, रबर भाराखाली हळूहळू लांबत राहते. संध्याकाळी कपाळाच्या वर असलेली वस्तू महिन्याने कपाळाशी येते.

म्हणून डोक्यावर येईल असे काहीही फक्त इलॅस्टिकवर टांगू नये. टांगायचेच असेल तर शेजारी साखळी किंवा न ताणणारी दोरी थोडी सैल ठेवून वेगळ्या हूकाला अडकवावी. बाळाची झोळी, पाळणा, झोका यांना बंजी नाही म्हणजे नाही, किती का जाड असेना.

इलॅस्टिकवर टांगणे योग्य ठरते ते थरथर अडवायची असते तिथे: मायक्रोफोन, छोटा पंप, नाजूक उपकरण. भाराने दोरी १० सेंमी ताणली तर त्या टांगणीची स्वतःची वारंवारता साधारण १.६ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १.६ हेलकावे, असते. मिनिटाला १४४० फेऱ्यांच्या मोटरची थरथर २४ हर्ट्झची, ती जवळजवळ पूर्ण अडते. पण माणसाच्या चालण्याची लय २ हर्ट्झच्या आसपास असते, त्यामुळे तीच टांगणी हलत्या पुलावर किंवा लाकडी माडीवर नाचू लागेल.

सुरक्षित दोरी करायची तर कशी

मघाचा हिशेब उलटा वाचला की उत्तर मिळते. ताण १० किलोच हवा असेल, तर वाढणारी लांबी कमी करा. ४० सेंमीऐवजी १० सेंमी ताणूनच १० किलो मिळाले, तर ऊर्जा २० ज्यूलऐवजी ५ ज्यूल. म्हणजे पूर्ण दोरी इलॅस्टिक नको. बहुतेक भाग न ताणणारा पट्टा आणि मध्ये छोटा, जाड इलॅस्टिक तुकडा.

साहित्य: २५ मिमी पॉलिस्टर पट्टा १.५ मीटर, कॅम बकल १, स्प्रिंगने बंद होणारे हूक २, ८ मिमी इलॅस्टिक दोरी ५० सेंमी, ४ मिमी पॉलिस्टर दोरी १ मीटर, धातूच्या कड्या २.

इलॅस्टिक कापण्याआधी जागेवर चिकटपट्टी गुंडाळा आणि न ताणता कापा. ताणून कापले तर रबर आवरणाच्या आत पळते आणि टोक पोकळ राहते. आवरणाच्या कडा लायटरने जेमतेम वितळवा, रबर जाळू नका. दोरी दोन्ही कड्यांतून घेऊन दुहेरी फास करा, टोके एकमेकांवर ८ सेंमी ठेवून नायलॉनच्या धाग्याने तीन ठिकाणी करकचून गुंडाळून बांधा. नुसती निरगाठ चालत नाही: दोरी ताणली की बारीक होते आणि गाठ सरकते. तयार तुकडा न ताणता २० सेंमी भरला पाहिजे. जास्त भरला तर जोड वाढवून घ्या.

आता महत्त्वाचा भाग. ४ मिमी पॉलिस्टर दोरी त्याच दोन कड्यांमध्ये बांधा, गाठीपासून गाठीपर्यंत ३२ सेंमी. इलॅस्टिक २० चे ३२ झाले की ही दोरी ताठ होते आणि पुढे ताणू देत नाही. इलॅस्टिक तुटले तरी टोक उडत नाही, सामानही सुटत नाही. गाठीत दोरीची ताकद बरीच कमी होते, म्हणून इथे सुतळी किंवा काथ्या वापरू नका. एका कडीला हूक, दुसरीला पट्टा, पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरा हूक. आधी दोन्ही हूक ढिले असतानाच लावा आणि ताण शेवटी बकलने द्या. हूक ताणाखाली हातात धरण्याची वेळच येत नाही, हा या रचनेचा खरा फायदा.

तोटाही आहे. सामान ३ सेंमी दबले तर लांब बंजीचा ताण थोडाच उतरतो, या पट्ट्याचा जवळपास ३० टक्के उतरतो. कपड्यांची बॅग असेल तर पहिल्या १०-१५ किलोमीटरनंतर थांबून बकल पुन्हा ओढा.

ताण अंदाजाने ठरवू नका. विमान प्रवासाच्या बॅगा तोलायचा हूकवाला डिजिटल काटा घ्या, एक टोक भक्कम ठिकाणी अडकवून दुसरे काट्याने वापरायच्या लांबीपर्यंत ओढा आणि आकडा वाचा. रोज वापर असेल तर दर काही महिन्यांनी हेच मोजा, उतरत गेलेला आकडा बरेच सांगतो.

टायरची जुनी ट्यूब कापून केलेल्या पट्ट्यांना हसू नका. बहुतेक ट्यूब ब्यूटाइल रबराच्या असतात, उन्हात आणि हवेत त्या नैसर्गिक रबरापेक्षा टिकतात आणि त्यांना उडणारा लोखंडी हूक नसतो. फक्त कड सरळ, एका दमात कापलेली हवी. कात्री थांबून जिथे खाच पडते, तिथूनच पट्टी फाटते.

बिघाड आणि कारणे

दोरी लांब झाली, ओढ राहिली नाही: आतले काही धागे तुटले आहेत किंवा ती ताणलेल्या स्थितीत साठवली. हलकेच ताणून चिमटीत धरून पूर्ण लांबी चाचपा. मध्येच मऊ, बारीक किंवा गुठळीसारखी जागा लागली तर ती बाद. मूळ लांबीपेक्षा १० टक्के वाढली तरी बाद.

रबरावर आडव्या भेगा: ताणलेल्या नैसर्गिक रबराला हवेतला ओझोन आणि ऊन खाते. गच्चीवर कायम ताणून ठेवलेल्या ताडपत्रीच्या दोऱ्या अशाच जातात. तिथे बारीक गोळा आणि इलॅस्टिक फास असलेल्या बिनहूकाच्या दोऱ्या लावा आणि दर पावसाळ्याआधी बदला.

दोरी चिकट, फुगलेली: तेल, ग्रीस, पेट्रोल किंवा रॉकेल लागले आहे. साफ करायला साबणाचे पाणीच वापरा, सावलीत वाळवा.

हूक उघडला: एकदा वाकलेला हूक पक्कडीने परत वळवू नका, तो त्याच जागी पुन्हा उघडतो. कोकणात समुद्राजवळ प्लास्टिकच्या टोपणाखाली हूक गंजतो आणि बाहेरून कळत नाही, टोपण मागे ओढून पाहा.

हूकाच्या तारेच्या वेटोळ्यातून दोरी बाहेर सरकली: स्वस्त बंजीत टोकाला बारीक क्लिप असते, ती दबते. परत आत कोंबून वापरू नका.

बाद झालेली बंजी तशीच कचऱ्यात गेली तर कुणीतरी उचलून पुन्हा वापरते, म्हणून हूक काढून घ्या आणि दोरीचे दोन-तीन तुकडे करूनच टाका.