स्टँडबायची वीज शोधताना या चुका टाळा

बिल वाढले की घरात पहिला संशय एसीवर घेतला जातो आणि दुसरा फ्रिजवर. कोणीही काही वापरत नसताना, म्हणजे उपकरणे नुसती स्टँडबायवर असताना, घर किती वीज ओढते, हे मात्र क्वचितच कोणी मोजलेले असते. हे मोजायला बिलाचा उपयोग फारसा होत नाही, कारण त्यात पाहुणे, उन्हाळा आणि इस्त्री हे सगळे एकाच आकड्यात मिसळलेले असते आणि ५० वॉटची अखंड गळती महिन्याला ३६ युनिट होऊन त्यात गुपचूप सामावून जाते.

मीटरवरचा लुकलुकणारा लाल दिवा अधिक कामाचा आहे. इलेक्ट्रॉनिक मीटरच्या पट्टीवर एका युनिटला दिवा किती वेळा लुकलुकतो तो आकडा छापलेला असतो; पुष्कळ मीटरवर तो ३२०० असतो, काहींवर १६००. आकडा ३२०० असेल तर दोन लुकलुकींमधले सेकंद मोजावेत आणि ११२५ ला त्यांनी भागावे, म्हणजे त्या क्षणीचा वापर वॉटमध्ये मिळतो. १६०० असेल तर २२५० ला भागावे. पट्टी न वाचता दुसऱ्याच्या मीटरचे सूत्र वापरले तर उत्तर थेट दुप्पट किंवा निम्मे येते.

आमच्या सोसायटीत मीटर जिन्याखाली आहेत. दिवे-पंखे बंद करून आणि फ्रिजचे बटण दहा मिनिटांपुरते बंद ठेवून मी मोबाइलचे स्टॉपवॉच घेऊन तिथे उभा राहिलो आणि पहिल्याच फेरीत चुकलो. स्टॉपवॉच सुरू करताना दिसलेली लुकलुक मी ‘एक’ म्हणून मोजली. ती शून्य धरायची असते. नाहीतर दहाऐवजी नऊच अंतरे मोजली जातात आणि वॉटचा आकडा फुगतो. दुसऱ्या फेरीत दहा लुकलुकींना साडेतीन मिनिटे लागली, म्हणजे एकेका अंतराला २१ सेकंद; ३२०० च्या सूत्राने सुमारे ५४ वॉट, महिन्याला जवळपास ३९ युनिट.

फ्रिज चालू ठेवून मोजणे ही यातली सर्वांत सामान्य चूक आहे. कॉम्प्रेसर मध्येच सुरू होतो, फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये बर्फ वितळवणारा हीटरही लागतो, आणि मग प्रत्येक मोजणीचे उत्तर वेगळे येते. मोजून झाल्यावर फ्रिजचे बटण पुन्हा लावायला विसरू नये, हे सांगण्याचे कारण वाचकांच्या लक्षात आले असेलच.

यानंतर एकेक उपकरण बोर्डावरच्या बटणाने बंद करून पुन्हा मोजावे. आमच्याकडे इन्व्हर्टर २६, सेट-टॉप बॉक्स ११, वाय-फायचा राउटर ८ आणि रिमोटने बंद केलेला एसी व म्युझिक सिस्टीम मिळून ९ वॉट असा हिशेब लागला. घरातली मंडळी मात्र वर्षानुवर्षे मोबाइलच्या चार्जरवरून एकमेकांवर ओरडत आली आहेत. फोन न जोडलेला आधुनिक चार्जर ०.१ वॉटच्या आसपास घेत असेल, तर वर्षभर बोर्डात राहूनही एक युनिट पुरे होत नाही. सेट-टॉप बॉक्स रिमोटने बंद केला तरी पुष्कळदा जवळजवळ चालू असल्याइतकीच वीज घेतो. रोजचे १८ तास तो बटणाने बंद ठेवला तर ११ वॉटच्या हिशेबाने वर्षाला ७२ युनिट वाचतात. त्याच्या बदल्यात तो सुरू व्हायला वेळ लागतो, हे आधी घरात सांगून ठेवावे.

इन्व्हर्टरबाबत उलटी चूक होते. समोरचे बटण बंद केले की तो वीज घेत नाही असे वाटते, पण बहुतेक इन्व्हर्टर त्या अवस्थेतही बॅटरी चार्ज करत राहतात. आणि पिनच काढून ठेवली तर बॅटरी हळूहळू उतरून खराब होते. तो बंद न करता बॅटरीचे पाणी आणि वय तपासावे, कारण जुनी बॅटरी भरल्यानंतरही जास्त प्रवाह ओढत राहते.

क्लॅम्प मीटर (तारेभोवती अडकवून अँपिअर मोजायचे साधन) असलेले वाचक अँपिअरला २३० व्होल्टने गुणतात. स्टँडबायवरच्या उपकरणांचा पॉवर फॅक्टर, म्हणजे या गुणाकारातला खऱ्या वॉटचा वाटा, बहुधा फार कमी असतो, त्यामुळे हा गुणाकार खऱ्या वॉटच्या कितीतरी पुढे जातो. सॉकेटमध्ये लावायचे स्वस्त वॉटमीटर एक-दोन वॉटच्या पातळीवर बेभरवशाचे असतात, आणि त्यावरची अँपिअरची मर्यादा न पाहता गीझर जोडणे धोक्याचे आहे.

बचतीचे पैसे काढताना एकूण बिलाला युनिटांनी भागू नये. स्थिर आकार वापर घटल्याने कमी होत नाही. उलट महावितरणच्या घरगुती दरात १००, ३०० आणि ५०० युनिटांवर टप्पे बदलत असल्याने वाचलेले युनिट तुमच्या सर्वांत महाग टप्प्यातून वजा होते.

सेट-टॉप बॉक्स, एसी आणि म्युझिक सिस्टीम बटणाने बंद केल्यावर दहा लुकलुकींना साडेपाच मिनिटे लागू लागली. तुमच्याकडे घरातला मेन स्विच पाडल्यावरही दिवा लुकलुकत राहिला, तर तो स्टँडबायचा प्रश्न नाही: मीटर आणि मेन स्विच यांच्यामधून कुठेतरी वीज जात आहे, आणि तिथे स्वतः हात न घालता परवानाधारक इलेक्ट्रिशियनला बोलवावे.