कसबा पेठेतील जुना वाडा कसा पाहावा

पुण्याची कसबा पेठ पाहायला आलेली बहुतेक मंडळी शनिवारवाडा, लाल महाल आणि कसबा गणपती एवढे पाहून परततात. गणपतीचे दर्शन जरूर घ्यावे, कारण जिजाबाईंच्या काळापासून हेच या गावाचे ग्रामदैवत आहे. मात्र जुने घर कसे बांधले जाई हे समजून घ्यायचे असेल, तर उरलेल्या दोन ठिकाणी ते पुरेसे दिसत नाही. आजच्या लाल महालाची इमारत महापालिकेने विसाव्या शतकात उभारलेली आहे. शनिवारवाड्याची पायाभरणी १७३० साली झाली, पण १८२८ च्या आगीत आतले लाकूडकाम जळून गेले आणि मागे तट, दरवाजे व जोती तेवढी राहिली. त्यामुळे पेशवाईतले राहते घर पाहायचे तर आळ्यांत शिरण्याला पर्याय नाही.

सकाळी लवकर निघावे आणि कसबा गणपतीपासून पूर्वेकडे, नागझरीच्या दिशेने चालावे. एका बाजूला मुठा आणि दुसऱ्या बाजूला नागझरी, अशा मधल्या जागेत हे मूळ गाव वसले. १६३० च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने ते उद्ध्वस्त केले आणि पुढे जिजाबाई व बाल शिवाजीराजे येथे राहायला आल्यावर त्याची पुन्हा वसाहत झाली. तांबट आळीत थोडा वेळ थांबावे. तांब्याच्या भांड्यांवर मठारकाम करणारे कारागीर येथे पेशवाईपासून काम करीत आले आहेत. रस्त्याकडेला काम आणि मागे किंवा माडीवर संसार, ही घराची रचना तिथे उभे राहिल्यावर आपोआप लक्षात येते. बुरूड आळी, कुंभारवाडा आणि कागदीपुरा याच पेठेत आहेत, आणि त्या-त्या धंद्याला लागणारे पाणी, भट्टी व मोकळी जागा यांवरून वस्तीची मांडणी ठरली.

वाडा पाहताना नजर खालून वर न्यावी. प्रथम काळ्या दगडाचे जोते पाहावे. दगड किती नीट घडवले आहेत आणि सांधे किती बारीक आहेत, यावरून बांधणाऱ्याच्या ऐपतीचा अंदाज येतो. त्यानंतर दरवाजा. मोठ्या दाराच्या एका फळीत कापलेली दिंडी म्हणजे लहान दार, चौकटीच्या माथ्यावरचा गणपती आणि आतल्या बाजूला भिंतीच्या खोबणीत सरकणारा अडसर या तीन गोष्टी शोधाव्यात. दारातून आत गेल्यावर लागते ती देवडी आणि तिच्यापुढे चौक. चौकामुळे चारही बाजूंच्या सोप्यांना, म्हणजे चौकाकडे उघडणाऱ्या ओसऱ्यांना, उजेड आणि वारा मिळतो. मोठ्या वाड्यात पुढचा चौक कामकाजाचा आणि मागचा स्वयंपाकघर व स्त्रियांच्या वावराचा असे. आड किंवा हौद कुठे आहे हेही पाहावे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून भूमिगत नळाने शहरातल्या हौदांपर्यंत पाणी आणले गेले होते.

खांबांपाशी मात्र घाई करू नये. सागवानी खांब दगडी तळखड्यावर उभा असतो, त्यामुळे जमिनीतली ओल लाकडापर्यंत चढत नाही. श्रीमंत वाड्यात हे खांब सुरूच्या झाडासारखे निमुळते असतात आणि वर केळफुलाचे कोरीव काम असते, तर साध्या घरात चौकोनी खांबावरच काम भागते. खांब आणि तुळया यांचा सांगाडाच घराचा भार पेलतो. मधल्या भिंती विटांच्या किंवा पांढऱ्या मातीच्या असल्या तरी चालते. वर पाहिल्यास कडीपाट, म्हणजे लाकडी कड्या व फळ्यांचे छत, दिसतो. हा सांगाडा डोळ्यांत भरला की पुढचा प्रत्येक वाडा पाहणे सोपे होते, आणि माझ्या मते साऱ्या फेरीत शिकण्यासारखे सर्वांत मोलाचे तेच आहे.

एकाच वाड्यात अनेक काळ मिसळलेले असतात, म्हणून सगळेच पेशवेकालीन समजू नये. मंगळुरी कौले, लोखंडी गर्डर आणि ओतीव लोखंडाचे कठडे दिसले तर तो भाग इंग्रजी अमदानीतला किंवा त्यानंतरचा; मंगळुरात अशा कौलांचा कारखाना १८६५ साली सुरू झाला. नदीकाठच्या भागात जुनी घरे तुरळक आहेत, कारण १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि पुरात मातीच्या भिंती विरघळून वाडेच्या वाडे बसले. जे वाचले त्यांच्या पडझडीचा दोष केवळ मालकाला देणे अन्यायाचे ठरते. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानंतर भाडी जवळजवळ गोठली, आणि दहा-बारा बिऱ्हाडांच्या भाड्यातून एका तुळईची दुरुस्तीही निघेना.

हे वाडे म्हणजे लोकांची राहती घरे आहेत. देवडीतून हाक द्यावी, परवानगी मिळाल्यावरच चौकात जावे आणि छायाचित्र घेण्यापूर्वी पुन्हा विचारावे. घरातल्या वडीलधाऱ्यांशी बोलायला वेळ काढावा. भिंत कधी घातली, जिना कधी हलवला, हे त्यांनाच ठाऊक असते.

एखाद्या वाड्याची नोंद करायची असेल तर त्याची मिळकत पत्रिका नगर भूमापन कार्यालयातून काढावी, म्हणजे हस्तांतरांचा क्रम हाती लागतो. पेशवाईतील कागद पुणे पुराभिलेखागारात आहेत. ते मोडी लिपीत असल्याने वाचणारी व्यक्ती सोबत न्यावी. चौकाची लांबी-रुंदी, खांबांमधले अंतर आणि मजल्यांची उंची टेपने मोजून साधा नकाशा काढावा. पुनर्विकासाची बोलणी सुरू असलेल्या वाड्यापासून हे काम सुरू करावे आणि ते पावसाळ्यापूर्वी आटोपावे, कारण मातीच्या भिंती पावसाळ्यात भिजूनच ढासळतात.